बारावी पीसीबी, गणित सोडलेलं. इलेक्ट्रिकल-रोबोटिक्ससाठी फाउंडेशन इयर घ्यावं का?

मुलुंड_पूर्व:

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, राज्य बोर्ड, पीसीबी. अकरावीलाच गणित सोडलं, कारण तेव्हा डोक्यात मेडिकल होतं. आता मेडिकल नको म्हणते. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाची ऑफर हातात आहे: इलेक्ट्रिकल अँड रोबोटिक्स इंजिनिअरिंग, फाउंडेशन इयरसकट, एकूण ४ वर्षं. सप्टेंबरात सुरू होईल.

विचारायचं ते असं. या फाउंडेशन इयरमध्ये नेमकं शिकवतात काय, की नुसती जास्तीची फी भरून एक वर्ष ढकलायचं? दोन वर्षं गणिताला हात लागलेला नाही, ते झेपेल का? इथेच राहून हे जमण्यासारखं आहे का? आणि हातात तीन महिने आहेत, त्यात तिने काय करावं? घरात भाच्याने दिलेला आर्डुइनोचा (प्रोग्राम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) किट पडून आहे. 'मन लावून अभ्यास करायला सांगा' छापाचं उत्तर नको, ते आम्ही घरी रोज देतोच.

थ्रीफेज:

ताई, फाउंडेशन म्हणजे सोपं वर्ष असा समज असेल तर तो आधी काढून टाका. आपल्याकडे अकरावी-बारावीत दोन वर्षं चालणारं गणित आणि फिजिक्स तिथे १२-१२ आठवड्यांच्या दोन सत्रांत बसवतात. वर्षाला १२० क्रेडिट, बहुतेक ठिकाणी २०-२० क्रेडिटचे सहा विषय. नावं वेगवेगळी असली तरी आतला माल सारखाच: गणित (बरेचदा दोन विषय भरून), मेकॅनिक्स, वीज आणि चुंबकत्व, प्रयोगशाळा, थोडं प्रोग्रामिंग, आणि रिपोर्ट कसा लिहायचा ते.

फिजिक्स तिचं झालेलं आहे, त्यामुळे तिथे ती बुडणार नाही. बुडतात ती मुलं गणितात. तेही कॅल्क्युलसमध्ये नाही, त्याच्या आधीच्या पायरीवर. पीसीबीची मुलं फिजिक्सची सूत्रं पाठ करून आकडे घालतात आणि निभावून नेतात. तिथे सूत्र उलटं करून मागतात. टी = २π √(एल ÷ जी) यातून जी वेगळा काढायला सांगितला की अडतात. ही बीजगणिताची सवय आहे, हुशारीचा प्रश्न नाही. पण ती सवय लागायला तीन आठवडे रोज घासावं लागतं.

बालभारतीची अकरावी-बारावीच्या गणिताची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात. सगळं करत बसू नका. अकरावी भाग १ मधून कोन, त्रिकोणमिती, निश्चयक (डिटर्मिनंट) व सारणी (मॅट्रिक्स). कोनिक आणि संभाव्यता सोडा. भाग २ मधून संमिश्र संख्या, फलने, सीमा, विकलन (डिफरन्शिएशन). क्रमचय-संचय सोडा. बारावी भाग १ मधून सदिश आणि सारणी. भाग २ मधून विकलन, त्याचे उपयोग, संकलन (इंटिग्रेशन) आणि शेवटी अवकल समीकरणं. बारा आठवड्यांची वाटणी ढोबळ मानाने अशी: पहिले तीन फक्त बीजगणित, घातांक आणि लॉगॅरिदम, पुढचे दोन त्रिकोणमिती, तीही रेडियनमध्ये, एक संमिश्र संख्यांना, चार विकलन-संकलनाला, उरलेले दोन सदिश, सारणी आणि मागचं उजळायला. रोज दोन तास. वही-पेन घेऊन. व्हिडिओ बघणं यात मोजायचं नाही.

यातलं प्रत्येक प्रकरण पुढे कुठे लागतं हे तिला ठाऊक असलेलं बरं, नाहीतर संमिश्र संख्या निव्वळ छळ वाटतात. उदाहरण घ्या. १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.५ हेन्रीची कॉइल सिरीजमध्ये, ५० हर्ट्झ एसीवर. कॉइलची रिअॅक्टन्स (एसीला होणारा तिचा अडथळा) २π × ५० × ०.५, म्हणजे १५७ ओहम. आता एकूण किती? नवखा माणूस २५७ म्हणतो. बरोबर उत्तर १८६ ओहम, कारण दोन्ही एकमेकांशी काटकोनात आहेत: १०० चा वर्ग अधिक १५७ चा वर्ग, आणि त्याचं वर्गमूळ. करंट व्होल्टेजच्या ५७.५ अंश मागे धावतो. १०० + जे१५७ असं लिहिलं की हे सगळं एका ओळीत येतं. इलेक्ट्रिकलवाले आय ऐवजी जे लिहितात, कारण आय करंटसाठी राखून ठेवलेला असतो. विकलन-संकलन हे मोटरच्या कंट्रोलमध्ये येतं, सारणी रोबोटच्या हातात. यातलं सोडण्यासारखं काही नाही.

आता आपल्या मुलांना हमखास नडणाऱ्या दोन गोष्टी. एक, जर्नल. इथे मित्राचं जर्नल समोर ठेवून स्वच्छ अक्षरात उतरवायची पद्धत आहे. तिथे प्रयोग चालू असतानाच लॉगबुकात पेनाने लिहायचं, चुकलं तर एक रेघ मारायची, खोडरबर नाही. दुसऱ्याची रीडिंग वापरली तर ती नक्कल धरतात आणि त्याची रीतसर चौकशी होते. रिपोर्टात प्रत्येक आकड्यापुढे तो किती अधिक-उणे असू शकतो हे लिहावं लागतं, त्याला गुण असतात.

दुसरी, पास होणं आणि पुढे जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विषय पास व्हायला साधारण ४० टक्के लागतात, पण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात चढायला बऱ्याच ठिकाणी त्याहून जास्त सरासरी मागतात, गणितात वेगळी अट घालतात. ही अट ऑफर लेटरवर नसते, अभ्यासक्रमाच्या नियमावलीत आत कुठेतरी असते. ती मागून घ्या. फाउंडेशनचे गुण पदवीच्या श्रेणीत सहसा धरत नाहीत, तेवढा दिलासा.

हिशेबनीस:

थ्रीफेजने अभ्यासाचं सांगितलं, मी कागदांचं नि पैशाचं सांगतो.

पहिला प्रश्न: फाउंडेशन विद्यापीठ स्वतः शिकवतंय, की त्याच्या आवारातलं एखादं वेगळं पाथवे कॉलेज? जाहिरातीत दोन्ही सारखीच दिसतात. विद्यापीठाचं स्वतःचं असेल तर चारही वर्षांसाठी एकच सीएएस (व्हिसासाठी लागणारं विद्यापीठाचं प्रवेशपत्र) आणि एकच व्हिसा. पाथवे असेल तर बहुतेकदा आधी एका वर्षाचा व्हिसा, मग पदवीसाठी नवा अर्ज, नवी फी, नवा हेल्थ सरचार्ज (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा आकार). कामाच्या तासांतही फरक पडतो. पदवीच्या कोर्सवर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. पदवीच्या खालच्या पातळीच्या कोर्सवर १० तासच.

हेल्थ सरचार्ज विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पाउंड आहे आणि तो व्हिसाच्या अर्जाबरोबर सगळ्या वर्षांचा एकदम भरायचा. व्हिसा कोर्स संपल्यावरही काही महिने चालतो, ते महिनेही मोजतात. ४ वर्षं आणि वर सहा महिन्यांच्या आतले काही, असा व्हिसा मिळाला तर ३१०४ अधिक अर्ध्या वर्षाचे ३८८, म्हणजे ३४९२ पाउंड. एजंटच्या कागदावर ही ओळ बरेचदा एकाच वर्षाची लिहिलेली असते, ती तपासा. खात्यात दाखवायची रक्कम सलग २८ दिवस राहिली पाहिजे, मध्ये एक दिवसही खाली गेली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आणि स्टेटमेंटची शेवटची तारीख अर्जाच्या आधी ३१ दिवसांच्या आतली हवी. गणपतीच्या खरेदीला त्याच खात्यातून पैसे काढू नका, एवढंच. टीबीची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करायची, सर्टिफिकेट सहा महिने चालतं.

पैसे पाठवताना टीसीएसचा (परदेशी रक्कम पाठवताना बँक आधीच घेते तो कर) विचार आधी करा. शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो लागत नाही, स्वतःच्या बचतीतून वर्षाला १० लाखांच्या वर गेलात की लागतो. कर भरताना तो वळता करून घेता येतो, पण तोवर पैसे अडकतात.

पदवी आयईटीची (तिथली इंजिनिअरांची संस्था) मान्यता असलेली आहे का ते आयईटीच्या स्वतःच्या यादीत पाहा, विद्यापीठाच्या माहितीपत्रकात नको. मान्यता कोर्सला मिळते, विद्यापीठाला नाही. शेजारचा 'इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक' मान्य आणि नवाकोरा 'इलेक्ट्रिकल अँड रोबोटिक्स' अजून यादीत नाही, असं होऊ शकतं. आणखी एक: पुढे बी.इंज. सोडून एम.इंज.ला (एकत्रित मास्टर्सला) वळायचं असेल तर भारतीय विद्यार्थ्यांना एटीएएसची (संवेदनशील तांत्रिक विषयांसाठीची ब्रिटिश सरकारची) मंजुरी लागू शकते. साध्या बी.इंज.ला ती लागत नाही.

आता इथला मार्ग. सीईटीच्या पीसीएम गटात २०० पैकी १०० गुण गणिताचे आहेत, ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न एकेका गुणाचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. साधारण २० टक्के भाग अकरावीवर, ८० टक्के बारावीवर. म्हणजे गणिताशिवाय इथे गती नाही. पण एनआयओएसमधून (केंद्राचं मुक्त शाळा बोर्ड) बारावीचा गणित हा एकच विषय देता येतो, त्याचा क्रमांक ३११. एक वर्ष घरी राहून तो आणि सीईटी, हा खर्चाने फाउंडेशनच्या पासंगालाही न पुरणारा मार्ग आहे. दोन बोर्डांच्या गुणपत्रिका घेऊन प्रवेश घ्यायचा असल्यामुळे सीईटी सेलच्या माहिती पुस्तिकेतला पात्रतेचा परिच्छेद शब्दन् शब्द वाचा आणि लेखी विचारा. शेजारच्या क्लासवाल्याला विचारू नका, त्याला फी हवी असते.

मुंबईत शोधताना नावात 'रोबोटिक्स' असलेल्या शाखेचा हट्ट धरू नका. इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स घ्या आणि रोबोटिक्स क्लबमध्ये शिरा. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये मुलांची सोसायटी ऑफ रोबोटिक्स अँड ऑटोमेशन आहे, त्यांचा लाइन फॉलोअर (रेघेवरून चालणारा रोबो) आणि सेल्फ बॅलन्सिंगचा कोड गिटहब या साइटवर कुणालाही बघता येतो. पवईच्या आयआयटीचा ई-यंत्र हा रोबोटिक्सचा उपक्रमही आहेच.

माझं मत विचाराल तर कर्ज काढून जायचं असेल तर आधी एनआयओएसचं गणित. कर्ज लागणार नसेल तर तिकडचं फाउंडेशन वाईट नाही.

घाट_उतार:

हिशेबनीसांचं गणित पैशापुरतं बरोबर. पण सीईटीचं गणित आणि फाउंडेशनचं गणित एक नव्हे. सीईटीत ५० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. तिथे पर्याय उडवायची युक्ती शिकतात. फाउंडेशनमध्ये पायऱ्यांना गुण. उत्तर चुकलं तरी मांडणी बरोबर असेल तर निम्म्याहून अधिक गुण हाती येतात. दोन वर्षं गणित सोडलेल्या मुलीला दुसरं जास्त मानवेल. बाकी घरचा प्रश्न.

सोल्डर_साठचाळीस:

किटबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. रोबो-बिबो बनवायच्या आधी एकच प्रयोग करा, त्यात फाउंडेशनचं निम्मं गणित आहे.

१० किलोओहमचा रेझिस्टर, १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ५ व्होल्ट, मल्टिमीटर. सिरीजमध्ये जोडा, कपॅसिटरवर मीटर लावा. कपॅसिटरची पांढऱ्या पट्टीची बाजू ग्राउंडला. उलटा लावला तर फुगतो. आर गुणिले सी म्हणजे बरोबर १ सेकंद. स्विच दिल्यावर १ सेकंदाने ३.१६ व्होल्ट दिसायला हवेत, ५ च्या ६३.२ टक्के. पाच सेकंदांनी जवळपास पूर्ण. मोबाइलवर मीटरचा व्हिडिओ घ्या, मग थांबवत थांबवत दर अर्ध्या सेकंदाचं रीडिंग उतरवा. ५ वजा व्होल्टेज, त्याचा नॅचरल लॉग, आणि वेळ यांचा आलेख काढा. सरळ रेघ येते आणि तिच्या उतारातून टाइम कॉन्स्टंट, म्हणजे आर गुणिले सी, निघतो. १ ऐवजी ०.८५ किंवा १.१५ आला तर घाबरायचं नाही, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर २० टक्के इकडेतिकडे असतोच. थ्रीफेजने सांगितलेलं अधिक-उणे ते हेच.

मग मुद्दाम बिघडवा. रेझिस्टर १० लाख ओहमचा म्हणजे १ मेगाओहमचा घाला, आणि १० मिनिटं थांबून बघा. व्होल्टेज ५ ला कधीच पोचत नाही, फार तर ४.५४ च्या आसपास अडकतं. का? डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम, तो कपॅसिटरला समांतर बसतो आणि ११ पैकी १० भागच मिळतो. कपॅसिटरची स्वतःची गळती आणखी थोडं खाते. मोजणारं उपकरण मोजमाप बदलतं, हा धडा पहिल्या वर्षाच्या लॅबमध्ये परीक्षक तोंडी विचारतात.

हे झालं की मोटर. खरेदीला लॅमिंग्टन रोड, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. मुलुंडहून दादरला उतरून पश्चिम रेल्वेची स्लो धरा, ग्रँट रोडला फास्ट थांबत नाही. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर बंद. यादी: एनकोडर (फेऱ्या मोजणारा सेन्सर) लावलेली एन२० गिअर मोटर २, ६ व्होल्ट, १:१०० रेशोची, टीबी६६१२ ड्रायव्हर (आर्डुइनोच्या इशाऱ्यावर मोटरला करंट देणारा बोर्ड) १, १८६५० लिथियम सेल २ आणि होल्डर, २ सेलचा बीएमएस (सेलची राखण करणारं सर्किट), बक मॉड्यूल (व्होल्टेज उतरवणारं) १, मोठा ब्रेडबोर्ड, १०० नॅनोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर १० तरी. ९९०० एमएएच छापलेला १८६५० घेऊ नका, खोटा असतो. या आकाराच्या खऱ्या सेलची मजल साडेतीन हजारांच्या आसपास संपते. सोल्डरिंग आयर्न ५०-६० वॅटचं तापमान बदलता येणारं असावं. २५ वॅटच्या काडीने जाड ग्राउंडची तार तापत नाही, मग मुलं जास्त वेळ धरतात आणि बोर्डावरचं तांब्याचं पॅड उचलतं.

मुलुंड_पूर्व:

सगळ्यांचे आभार. ऑफर तपासली, फाउंडेशन विद्यापीठाचं स्वतःचंच आहे. कपॅसिटरचा प्रयोग मुलीने काल रात्री केला, तिचा आकडा १.०९ आला. स्वारी खूश आहे.

पण तिने लगेच किटही जोडला आणि अडली. त्यात लाल रंगाचं एल२९८एन मोटर ड्रायव्हर, दोन पिवळ्या मोटरी आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आहे. यूएसबीवर प्रोग्राम बरोबर चालतो. बॅटरीवर मोटर सुरू झाली की आर्डुइनोचा दिवा लुकलुकतो आणि प्रोग्राम पहिल्यापासून सुरू होतो. बॅटरी नवीकोरी आहे. आर्डुइनो खराब झाला असेल का?

घाट_उतार:

आर्डुइनोला काही झालेलं नसावं. सप्लायवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, बंद होईल.

सोल्डर_साठचाळीस:

नाही होणार, हिशेब करून बघा. १ अँपिअर ओढला आणि २ व्होल्टची घसरण चालवून घेतली तर १००० मायक्रोफॅरड पुरतात २ मिलिसेकंद. मोटर वेग घ्यायला त्याच्या कैक पट वेळ घेते. कपॅसिटर ब्रशच्या ठिणग्यांसाठी आहे, अशक्त बॅटरीला तो पुरा पडत नाही.

ताई, दोष त्या चौकोनी बॅटरीचा आहे, नवी असली तरी. तिच्या पोटात सहा चिमुकले सेल सिरीजमध्ये असतात, त्यामुळे अंतर्गत रेझिस्टन्स मोठा. चांगली अल्कलाइन असेल तरी १.५-२ ओहम, साधी झिंक-कार्बन असेल तर त्याच्या कितीतरी वर. थांबलेली मोटर सुरू होताना चालतानाच्या कित्येक पट करंट ओढते. दोन्ही मोटरींनी मिळून १.५ अँपिअर मागितला की ९ चे ६ होतात. तेवढ्यात बोर्डवरच्या रेग्युलेटरला ५ व्होल्ट तयार करता येत नाहीत, ते कोसळतात, आणि ऊनोची (आर्डुइनोचा नेहमीचा बोर्ड) चिप २.७ व्होल्टच्या खाली गेली की स्वतःला रीसेट करते. यूएसबीवर चिपला वेगळा सप्लाय मिळतो म्हणून ती वाचते.

खात्री करायची असेल तर चाकं हवेत धरा आणि प्रोग्राममध्ये वेग एकदम न देता ० पासून हळूहळू अर्ध्या सेकंदात चढवा. रीसेट थांबला तर निदान बरोबर. मीटर ५ व्होल्ट पिनवर लावून बसू नका, तो सेकंदाला दोन-तीनदाच मोजतो, ही बुडी त्याला दिसत नाही.

दुसरं, एल२९८एन जुन्या पद्धतीचा, आत बायपोलर ट्रान्झिस्टर. १ अँपिअरला त्याच्या आतच दोन व्होल्टच्या आसपास जातात आणि त्याची उष्णता होते. दोन सेलच्या ७.४ व्होल्टमधून मोटरला साडेपाचच पोचतात. म्हणून टीबी६६१२ सांगितला: कमी व्होल्टेज खाणाऱ्या मॉस्फेट ट्रान्झिस्टरचा, चॅनलला सलग १.२ अँपिअर, क्षणभर ३.२. त्याची एक खोड आहे, स्टँडबाय नावाची पिन ५ व्होल्टला जोडली नाही तर तो ढिम्म हलत नाही, आणि माणूस तासभर कोड तपासत बसतो.

जोडणी अशी: दोन सेल, बीएमएस, तिथून एक फाटा ड्रायव्हरच्या व्हीएमला (मोटरच्या सप्लायची पिन) आणि दुसरा बक मॉड्यूलला. बकचा स्क्रू आधी फिरवून आउटपुट ५.० व्होल्ट करा, मीटरवर बघा, आणि मगच ऊनोच्या ५ व्होल्ट पिनला द्या. ती पिन रेग्युलेटरच्या पुढे आहे, चुकून ८ व्होल्ट गेले तर बोर्ड गेला. बक जोडलेला असताना यूएसबीतून प्रोग्राम टाकायचा तर बॅटरी आधी काढा. सगळ्यांचे ग्राउंड एकत्र. हे विसरलं की मोटरी भूत लागल्यासारख्या वागतात. भरलेले सेल ८.४ व्होल्ट देतात आणि मोटर ६ ची आहे, म्हणून पीडब्ल्यूएम (प्रोग्राममधला मोटरच्या वेगाचा आकडा, ० ते २५५) १८० च्या वर जाऊ देऊ नका. एनकोडरच्या सहा तारांचे रंग प्रत्येक बनावटीत वेगळे येतात. रंगावर जाऊ नका, पाठीमागच्या छोट्या बोर्डावरची अक्षरं वाचा. मोटरची तार आणि एनकोडरच्या सप्लायची तार अदलाबदल झाली की एनकोडरमधला हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारा) जातो.

थ्रीफेज:

एनकोडरवर आलातच तर कोडमधल्या दोन खाचा सांगून ठेवतो, कारण मुलांना वाटतं पीआयडी (चाकाचा वेग हवा तेवढा धरून ठेवणारा हिशेब) चुकलं आणि ती आकडे बदलत रात्र काढतात.

त्या मोटरच्या मागच्या चुंबकातून फेरीला ७ पल्स, गिअर १००, दोन्ही चॅनलच्या चारही कडा मोजल्या तर चाकाच्या एका फेरीला २८०० मोजण्या. ऊनोवर इंट (पूर्णांक साठवायचा प्रकार) १६ बिटांचा, ३२७६७ पर्यंतच. म्हणजे चाकाच्या ११.७ फेऱ्या झाल्या की मोजणी उलटून उणे होते आणि रोबो मागे पळायला बघतो. मोजणी व्होलटाइल लाँगमध्ये (त्याहून मोठा, चार बाइटचा प्रकार) ठेवा, आणि वाचताना क्षणभर इंटरप्ट (चालू काम थांबवून मोजणी करायला लावणारा इशारा) बंद करा. चिप ८ बिटांची आहे, चार बाइट चार टप्प्यांत वाचते, मध्येच इंटरप्ट आला तर अर्धा जुना नि अर्धा नवा आकडा हाती लागतो.

दुसरी खाच सिरीयल प्रिंटची, म्हणजे बोर्डाने लॅपटॉपवर आकडे छापण्याची. ९६०० बॉडला (पाठवायच्या वेगाचं माप) सेकंदाला ९६० अक्षरं जातात. दर १० मिलिसेकंदांनी २० अक्षरं छापायला सांगितली तर सेकंदाला २००० झाली. बफर ६४ बाइटचा, तो भरला की प्रिंट थांबून राहतं आणि १० मिलिसेकंदांचं लूप २० चं होतं. पीआयडीचे आकडे मग अर्थातच चुकीचे. ११५२०० बॉड ठेवा.

हे जमलं की पीआयडीच्या तीन आकड्यांपैकी आधी फक्त केपी (आत्ताच्या चुकीच्या प्रमाणात जोर), बाकी दोन शून्य. मग केआय (साठत गेलेल्या चुकीचा, म्हणजे संकलनाचा) थोडा थोडा. आणि एक गंमत करून बघायला सांगा: चालतं चाक बोटांनी तीन सेकंद धरून ठेवायचं आणि सोडायचं. चाक वेड्यासारखं सुसाट सुटेल, कारण तेवढ्या वेळात संकलनाची बेरीज फुगत गेलेली असते आणि ती उतरायला वेळ लागतो. त्या बेरजेला पीडब्ल्यूएमच्या मर्यादेत बांधून घातलं की सुटणं थांबतं. संकलन म्हणजे काय हे बोटांना कळतं. हळू वेगात मात्र चाक थरथरेल: १५० आरपीएमला १० मिलिसेकंदांत ७० मोजण्या येतात, १५ ला फक्त ७, त्यात एकीची चूक म्हणजे १४ टक्के. तिथे मोजायचा काळ वाढवावा लागतो.

लॅपटॉप आत्ताच घेऊ नका, विद्यापीठाची सॉफ्टवेअरची यादी येऊ द्या. बहुतेक विंडोज आणि १६ जीबी रॅम लागेल. पुढे आरओएस २ या रोबोच्या सॉफ्टवेअरसाठी उबुंटू (लिनक्स) टाकावं लागतं, त्याला डिस्कवर जागा ठेवा. मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरचं लायसन्स विद्यापीठ देतं, तोवर सायलॅब फुकट आहे आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर त्याचे धडे आहेत.

मुलुंड_पूर्व:

सेल बदलल्यावर रीसेट थांबला. चाकं हवेत धरून आधी खात्री करून घेतली. पुढे चढण्याच्या अटीबद्दल विद्यापीठाला ईमेल केला आहे, एनआयओएसच्या गणितावर थेट पहिल्या वर्षाला घ्याल का हेही त्यातच विचारलं. एकच शेवटचं: हे सामान तिकडे नेता येईल का? की इथेच ठेवून द्यायचं?

हिशेबनीस:

बोर्ड, मोटरी, मीटर चेक-इन बॅगेत चालतात. सुटे लिथियम सेल चेक-इनमध्ये अजिबात नाही, फक्त हातातल्या बॅगेत. २५०० एमएएचचा एक सेल साधारण ९ वॉटअवरचा, मर्यादा १०० ची, त्यामुळे क्षमतेचा प्रश्न नाही. तरी एअरलाइनचा नियम एकदा वाचून घ्या. होल्डरमधून बाहेर काढा, दोन्ही टोकांना टेप लावा, प्रत्येक सेल वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. सोल्डरिंग आयर्न नेऊ नका, वजन वाढतं आणि तिथल्या लॅबमध्ये असतंच. व्होल्टेज आपल्यासारखंच २३०, पण पिन चौकोनी तीन आणि प्लगमध्येच फ्यूज असतो, ३ किंवा १३ अँपिअरचा. चार्जरच्या अडॅप्टरमध्ये ३ चा घाला.